१५ की ४० मिलिमीटर? खुबा बदलताना पायाची लांबी मोजण्याचं एक प्रकरण

खुब्याचा सांधा बदलला की दुखणं थांबतं, मांडी हलायला लागते, रात्री झोप लागते. तरीही काही रुग्ण नाराज असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: "पाय लांब झालाय." अमेरिकेत खुब्याच्या शस्त्रक्रियेवरून डॉक्टरांवर जे दावे होतात, त्यांत पायांच्या असमान लांबीचे दावे नेहमी वरच्या क्रमांकात असतात. आपल्याकडे कोर्टापर्यंत क्वचितच कोणी जातं. पण ऑपरेशननंतर लंगडत घरी गेलेला माणूस गावातल्या पुढच्या रुग्णाला सांगतो की या भानगडीत पडू नकोस, आणि मग ज्याला सांधा बदलून खरोखर आराम मिळाला असता तो वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खात राहतो. म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून एकाच प्रकारच्या काही रुग्णांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडतो आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. लांबीची चूक बहुतेक वेळा टेप किंवा कॅलिपर (दोन खुणांमधलं अंतर मोजायचं साधन) वाईट असल्यामुळे होत नाही. पाय कोणत्या स्थितीत ठेवून मोजला, याकडे लक्ष न दिल्यामुळे होते. बाह्यरुग्ण विभागातही (ओपीडीत) हेच घडतं आणि ऑपरेशन थिएटरमध्येही (ओटीत).

रुग्ण

वय ५४. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी मदतनीस. उजवा खुबा बरीच वर्षं दुखत होता. गेल्या दोन वर्षांत जांघेतला ठणका रात्रीही थांबेना. पोरांना खिचडी वाढायला वाकणं बंद झालेलं, मांडी घालून बसणं तर केव्हाच सुटलेलं. चालताना उजवीकडे झोल जायचा, आणि उभ्या राहिल्या की डावा गुडघा थोडा वाकवूनच उभ्या राहायच्या.

त्यांच्या चपलेकडे माझं आधी लक्ष गेलं. उजव्या चपलेला गावच्या मोच्याकडून जाड तळ लावून घेतलेला होता. टायरच्या रबराचे तीन थर, एकावर एक चिकटवून कडेने खिळे मारलेले. टाचेशी पट्टी लावली तर ३० मिलिमीटर भरली. काम अगदी नीट केलेलं होतं. पुढच्या बाजूला थर उतरते कापले होते, म्हणजे पाऊल टाकताना चवडा अडकू नये. चालणाऱ्या माणसाकडे इतकं बारकाईने पाहणारा कारागीर भेटणं हे त्या बाईंचं नशीबच.

एक्स-रेमध्ये कारण दिसलं. खुब्याची वाटी जन्मापासून उथळ होती. मांडीच्या हाडाचं डोकं थोडं वर आणि बाहेर सरकलेलं, कूर्चा पूर्ण झिजलेली. डोकं वाटीतून किती सरकलं आहे ते सांगणाऱ्या क्रो यांच्या वर्गीकरणात हा पहिला, म्हणजे सर्वांत सौम्य गट. आपल्याकडे खुबा बदलायला येणाऱ्यांत मोठा वाटा मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेल्या, म्हणजे एव्हीएनच्या रुग्णांचा असतो. त्यांच्यात डोकं थोडं खचलेलं असतं, लांबी काही मिलिमीटरच गेलेली असते आणि हिशेब त्या मानाने सरळ असतो. इथे तसं नव्हतं.

"तुम्हाला ऑपरेशननंतर काय काय करता यायला हवं?" असं मी प्रत्येकाला विचारतो. बाई म्हणाल्या, "दुखायचं थांबलं तर बरंच हाय, डॉक्टर. पण दुकानातनं चप्पल घ्यावी आन् तशीच पायात घालावी, एवढं झालं पायजे."

तीन मापं, एकच चूक

पहिल्यांदा त्यांना सरळ झोपवलं, दोन्ही पाय एकमेकांना समांतर. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावला. उजवा पाय ४५ मिलिमीटर आखूड. मग उभं करून उजव्या पावलाखाली लाकडी ठोकळे ठेवत गेलो. ४० मिलिमीटरला त्या म्हणाल्या, "आता सारखं वाटतंय." चप्पल सांगत होती ३०. उरलेलं अंतर त्या डावा गुडघा वाकवून भरून काढत होत्या.

म्हणजे टेप, ठोकळे आणि चप्पल, तिन्ही साधारण एकाच बाजूला बोट दाखवत होते. इथेच थांबून "पाय ४ सेंटिमीटर आखूड आहे, तेवढा वाढवायचा" असं केस पेपरवर लिहिणं फार सोपं असतं. तिन्ही मापं खरीही होती. फक्त त्यांनी जे मोजलं ती पायाची लांबी नव्हती.

कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं अंगठ्यांनी चाचपली तर उजवं टोक वर होतं. पेल्विस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, तिरका होता. उजवा पाय वर्षानुवर्षं आत ओढला गेला होता आणि तिथेच आखडला होता. आत ओढलेला पाय दुसऱ्या पायाला समांतर आणायचा तर शरीराला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पेल्विसची ती बाजू वर उचलणं. बाजू वर गेली की पाऊलही वर जातं, आणि पाय आहे त्यापेक्षा आखूड दिसतो.

किती आखूड दिसेल, हे कागदावर काढता येतं. पेल्विस सरळ करायला उजवा पाय आणखी १० अंश आत न्यावा लागला, म्हणजे आखडलेपणा १० अंशांचा. दोन खुब्यांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण १८ सेंटिमीटर. १० अंशांची साइन ०.१७४. गुणाकार केला की ३१ मिलिमीटर येतात. ४५ मधून ३१ गेले, उरले १४.

खरी लांबी मोजण्याची रीत आपल्या एमएसच्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थी तोंडपाठ सांगतो, पण गर्दीच्या ओपीडीत पहिला बळी तिचाच जातो. पेल्विस चौकोनात आणायचा, म्हणजे दोन्ही टोकांना जोडणारी रेषा शरीराच्या मध्यरेषेला काटकोनात आली पाहिजे. दुखरा पाय त्यासाठी जिथे न्यावा लागेल तिथे न्यायचा. मग चांगला पायही बरोबर त्याच स्थितीत ठेवायचा. या बाईंचा खुबा २० अंश वाकलेलाही होता. थॉमस चाचणीत, म्हणजे डावी मांडी पोटाशी घेतल्यावर, ते उघड झालं. त्यामुळे डावा पायही १० अंश आत आणि उशीवर २० अंश वाकवून ठेवला. दोन्ही पाय एकाच वेळी आत नेता येत नाहीत, एकमेकांवर येतात. म्हणून एक मोजायचा, बाजूला करायचा, मग दुसरा. कमरेच्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत उजवा पाय १५ मिलिमीटर कमी भरला. सहकाऱ्याने स्वतंत्रपणे मोजलं तर तेही याच्या आसपासच. टेपने मोजताना ५ मिलिमीटरचा फरक कोणाच्याही हातून पडतो, त्यामुळे एकट्या टेपवर मी कधीच थांबत नाही. ब्रायंटचा त्रिकोण काढला, म्हणजे कमरेच्या हाडाचं टोक आणि ट्रोकँटर हा मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा यांतलं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. त्यानेही कमतरता ट्रोकँटरच्या वरच्या भागातच आहे, मांडी आणि नडगीची लांबी शाबूत आहे, हे दाखवलं.

आता १५ आणि ४० यांतला फरक रुग्णाच्या दृष्टीने काय आहे ते पाहा. समजा ठोकळ्यांवर भरवसा ठेवून पाय ४० मिलिमीटर वाढवला. ऑपरेशनमध्ये आखडलेला सांधा मोकळा होतो. पेल्विस हळूहळू सरळ येतो. त्याबरोबर ते दिखाऊ ३१ मिलिमीटर आपोआप निघून जातात, आणि पाय २५ मिलिमीटर लांब होऊन बसतो. मग मोच्याकडे जायचं ते डाव्या चपलेसाठी. शिवाय एका वेळी ४ सेंटिमीटर ताण दिला तर सायटिक नर्व्ह (पायाची मुख्य नस) दुखावण्याचा धोका खरा असतो. पाऊल वर उचलता न येणं ही त्याची किंमत.

मणक्याचा प्रश्न राहिला. पेल्विस तिरका असला की कंबरेचा मणका वाकून डोकं मध्यावर आणतो. बाईंच्या मणक्यात डावीकडे बाक होता. तो लवचिक आहे की कायमचा, हे ठरवायला त्यांना स्टुलावर बसवून पाठीमागून पाहिलं. बसल्यावर पायांचा संबंध सुटतो. बाक बराचसा गेला, पूर्ण गेला नाही. याचा अर्थ पेल्विस सरळ यायला वाव आहे, पण वेळ लागेल. मणका पूर्ण कडक असता तर सगळा हिशेब वेगळा झाला असता. अशा रुग्णाचा पेल्विस ऑपरेशननंतरही तिरकाच राहतो, आणि हाडं समान करूनही पाय असमान वाटतात.

दहा रुपयांचं नाणं

एक्स-रेवर दिसणारी लांबी मोठी करून दाखवलेली असते. किती मोठी, ते शरीराच्या जाडीवर आणि एक्स-रेच्या नळीच्या अंतरावर ठरतं. त्यासाठी २५ मिलिमीटरचा धातूचा गोळा मिळतो. तो नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या पातळीला चिकटपट्टीने लावायचं. मांडीच्या पुढच्या कातडीवर चिकटवलं तर ते हाडाच्या पातळीत येत नाही आणि चूक होते. नाणं थोडं तिरकं झालं तरी बिघडत नाही. फिल्मवर लंबगोल दिसतो, त्याचा मोठा व्यास खराच असतो.

या फिल्मवर नाणं ३२ मिलिमीटरचं आलं. दोन्ही बाजूंच्या टिअरड्रॉपना (वाटीच्या तळाशी फिल्मवर दिसणारी थेंबासारखी खूण) जोडणारी रेषा काढली आणि तिथून लेसर ट्रोकँटरपर्यंतचं, म्हणजे मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या लहान उंचवट्यापर्यंतचं, अंतर मोजलं. उजवीकडे ते १८ मिलिमीटर कमी. १८ ला २७ ने गुणून ३२ ने भागलं की १५ येतात. टेपशी जुळलं.

पण जुळलं म्हणून पूर्ण विश्वास ठेवावा असंही नाही. उजवी मांडी आत होती. लेसर ट्रोकँटर सांध्याच्या केंद्राच्या जवळजवळ खाली असल्याने त्यामुळे पडणारा फरक थोडा असतो, तरी असतोच. खुबा २० अंश वाकलेला असल्यामुळेही फिल्मवर दोन-तीन मिलिमीटर कमी दिसले असण्याची शक्यता होती. म्हणून मी लक्ष्य ठरवलं १४ मिलिमीटर, थोडं कमीच राहिलं तरी चालेल अशा बेताने. काही मिलिमीटर आखूड पाय माणूस सहज पचवतो. तेवढाच लांब झालेला पाय मात्र त्याला दर पावलाला जाणवतो. ५ ते १० मिलिमीटरच्या आतला फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, हा आमच्या शाखेत सर्वसाधारण मानला जाणारा आकडा आहे. पण ज्याच्या लक्षात येतो त्याला हा आकडा ऐकवून काहीही उपयोग नसतो.

टेम्प्लेटिंगमध्ये, म्हणजे एक्स-रेवर कृत्रिम सांध्याचे नमुने ठेवून केलेल्या आखणीत, हे १४ मिलिमीटर दोन ठिकाणी वाटले. वाटी तिच्या मूळ जागी, टिअरड्रॉपच्या पातळीला खाली आणली की ९ मिळत होते. उरलेले ५ स्टेममधून, म्हणजे मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्यातून. सोबत आणखी एक आकडा लिहून ठेवला: लेसर ट्रोकँटरच्या वरच्या कडेपासून नव्या डोक्याच्या केंद्रापर्यंत ५४ मिलिमीटर. तो पुढे उपयोगी पडला.

आदल्या संध्याकाळी बाईंना आणि त्यांच्या थोरल्या मुलाला बसवून हे सगळं सांगितलं. "पंधराच?" बाईंचा विश्वास बसेना. "माझा पाय तर दोन-अडीच बोटं आखूड हाय बगा." मी ठोकळे मागवले, पेल्विसचा सांगाडा टेबलावर ठेवला आणि एक बाजू वर उचलली की खालचं पाऊल कसं वर येतं ते दाखवलं. मुलाला ते लगेच पटलं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे वाकडी कंबर हाय, पाय न्हाई." इतक्या थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं. "ताई, दोन्ही पाय अगदी सारखे होतील असा शब्द मी देत नाही," मी म्हणालो. "हाडाची लांबी जवळजवळ सारखी करतो. कंबर सरळ व्हायला काही महिने लागतील, आणि ते काम तुमचं आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमचं." सांधा निखळू नये म्हणून गरज पडली तर लांबीत दोन-चार मिलिमीटरची तडजोड करावी लागते, हेही सांगितलं आणि संमतीपत्रात लिहिलं. ऑपरेशनच्या आधी सांगितलेली गोष्ट माहिती असते. तीच नंतर सांगितली की सबब वाटते.

ओटीत

कण्यातून भूल, डाव्या कुशीवर झोपवलेलं, मागच्या बाजूने सांधा उघडण्याची पद्धत. या स्थितीत पाठीवर झोपल्यासारखी दोन्ही टाचांची तुलना करता येत नाही. चादरींच्या खाली पेल्विस किती कलला आहे ते दिसत नाही, आणि वरून गुडघे चाचपून लावलेला अंदाज याच कारणाने फसतो. म्हणून हाडातच खूण लागते.

वाटीच्या वर, पेल्विसच्या हाडात एक जाड पिन ठोकली. ग्रेटर ट्रोकँटरवर, म्हणजे मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या मोठ्या उंचवट्यावर, डायथर्मीने (विजेने डाग देणाऱ्या साधनाने) ठिपका केला आणि तिथे धाग्याचा टाका घेतला, म्हणजे रक्तात ठिपका हरवला तरी टाका सापडावा. सांधा निखळवण्याआधी पिन ते टाका हे अंतर कॅलिपरने मोजून फळ्यावर लिहिलं. याच क्षणी पाय कसा होता तेही लिहिलं: वरचा पाय खालच्या पायावर टेकलेला, गुडघ्यावर गुडघा, मध्ये उशी नाही. म्हणजे मांडी साधारण १० अंश आत. तिचा आखडलेपणाच तेवढा असल्यामुळे याहून बाहेर पाय येतच नव्हता.

मग मांडीच्या हाडाचं झिजलेलं डोकं कापून काढलं. वाटी ठरल्या पातळीला कोरली, ४८ मिलिमीटरचा कप (कृत्रिम वाटी) घट्ट बसला. स्टेमसाठी ब्रोच (स्टेमच्या आकाराची, हाड कोरणारी कानस) आत गेला, त्यावर चाचणीपुरतं ३२ मिलिमीटरचं हेड, म्हणजे कृत्रिम डोकं, मान ४ मिलिमीटरने लांब करणारं (अधिक ४). सांधा जागेवर बसवला आणि कॅलिपर लावला.

वाढ फक्त ४ मिलिमीटर.

सहायक डॉक्टर म्हणाला, "सर, हवेत १४. अधिक ८ चं हेड लावू? का स्टेमच मोठं?" त्याच वेळी सांधा खेचून पाहिला तर थोडा ढिलाही लागत होता. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या: आणखी लांब करा. ढिलेपणाचं कारण मला माहीत होतं. कण्यातली भूल स्नायूंना पूर्ण सैल करते. ओटीत ढिला लागणारा सांधा संध्याकाळी भूल उतरल्यावर घट्ट होतो. खेचून पाहणं ही मदतीची चाचणी आहे, तिच्यावर लांबी ठरवायची नसते.

आणि ४ मिलिमीटरचं कारण पायाच्या स्थितीत होतं. सांधा मोकळा झाल्यामुळे पाय आता हवा तिथे जात होता. सहायकाने तो टेबलाशी समांतर, छान सरळ धरला होता. कोणीही तसाच धरेल. पण पहिलं माप मांडी १० अंश आत असताना घेतलेलं होतं आणि दुसरं शून्य अंशाला. ट्रोकँटरवरचा टाका सांध्याच्या केंद्रापासून साधारण साडेसहा सेंटिमीटर बाहेर असतो. मांडी १० अंशांनी बाहेर आली की तो टाका तराजूच्या दांडीसारखा वर उचलला जातो. ६५ गुणिले ०.१७४, म्हणजे ११ मिलिमीटर. तेवढाच तो पिनच्या जवळ येतो आणि तेवढीच वाढ मापातून गायब होते.

पाय पुन्हा खालच्या पायावर टेकवला, गुडघ्यावर गुडघा, वाकही आधीइतकाच, मध्ये काही नाही. कॅलिपर लावला. १५ मिलिमीटर.

तरीही ताळा केला, कारण पायाच्या स्थितीवर अवलंबून नसलेलं एखादं माप हाताशी असणं मला नेहमी गरजेचं वाटतं. लेसर ट्रोकँटर ते डोक्याचं केंद्र: ठरलेले ५४, मिळाले ५५. कप ठरल्या पातळीला होता. डोक्याचं केंद्र ट्रोकँटरच्या टोकाच्या समोर येत होतं. सगळं एकमेकांना धरून होतं. त्या पहिल्या आकड्यावर विसंबून हेड आणि स्टेम बदललं असतं, तर पाय जवळजवळ एक सेंटिमीटरने जास्त लांब झाला असता, आणि फळ्यावरचा हिशेब मात्र बरोबर दिसला असता.

५ अंशांच्या फरकानेही ६ मिलिमीटरची चूक होते. ५ अंश म्हणजे गुडघ्यांमधली घडी घातलेली एक जाड चादर. म्हणून मी ओटीत तरुण सहकाऱ्यांना सांगतो की कॅलिपर कोण धरतो याला महत्त्व कमी, पाय कोण धरतो याला जास्त. पहिल्या मापाच्या वेळी पाय ज्याने धरला त्यानेच दुसऱ्या मापालाही धरावा, आणि मध्ये उशी ठेवायची असेल तर दोन्ही वेळा तीच उशी.

खरं स्टेम ठोकल्यावर ते ब्रोचपेक्षा २ मिलिमीटर वर थांबलं. सिमेंट न वापरता बसवायच्या स्टेममध्ये हे होतं. वरचा खरखरीत थर हाडात लवकर पकड घेतो. जास्त ठोकून हाड तडकवण्यापेक्षा हेड बदलणं शहाणपणाचं. १३५ अंशांच्या मानेवर हेड ४ मिलिमीटरने कमी केलं की लांबी २.८ मिलिमीटरने घटते आणि ऑफसेट, म्हणजे मांडीचं हाड सांध्याच्या केंद्रापासून जितकं बाहेर असतं ते अंतर, तेही तेवढंच घटतं. अधिक ४ च्या जागी शून्याचं हेड लावलं. हिशेब: १५ अधिक २ वजा २.८, म्हणजे १४ च्या किंचित वर. ऑफसेट थोडा कमी झाल्यामुळे सांधा पुन्हा सगळ्या दिशांना फिरवून पाहिला, वाकवून आत वळवल्यावरही तो निखळण्याकडे झुकत नव्हता. निखळला असता तर ऑफसेट जास्त असलेलं स्टेम घेतलं असतं, कारण ते लांबी न वाढवता स्नायू ताणतं. सांधा स्थिर करण्यासाठी पाय लांब करणं हा शेवटचा मार्ग असावा. मांडीच्या आतल्या स्नायूंचा ताण शेवटी तपासला. पाय बाहेर पुरेसा येत होता, त्यामुळे जांघेत स्नायूबंध कापायची गरज पडली नाही.

पुण्या-मुंबईत आता अनेक ठिकाणी रोबो किंवा नॅव्हिगेशन आहे. पेल्विस आणि मांडीवरचे ट्रॅकर पायाची स्थिती सतत ओळखतात, त्यामुळे ११ मिलिमीटरची ही चूक तिथे सहसा होत नाही. ते यंत्र मला परवडत असतं तर मी नक्की वापरलं असतं. पण वाढवायचे १४ की ४०, हा आकडा त्यात आपणच टाकायचा असतो.

"आता उजवा लांब झालाय"

भूल उतरल्यावर, नर्व्ह शाबूत आहे ना ते पाहायला, सगळ्यांत आधी पायाचा अंगठा वर उचलून दाखवायला सांगितलं. उचलला. नंतरच्या एक्स-रेवर उजवी बाजू एक-दोन मिलिमीटर कमी, म्हणजे मोजण्याच्या चुकीच्या आतच.

सहा आठवड्यांनी बाई आल्या त्या काळजीत. दुखणं नव्हतं, काठीही सुटत आली होती, पण "डॉक्टर, आता ह्यो पाय लांब झालाय. टाच आधी टेकते." मुलाच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, तो त्याने विचारला नाही.

पुन्हा पाठीवर झोपवलं. पेल्विस चौकोनात, कमरेच्या टोकापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय सारखे. छातीच्या हाडापासून मात्र उजवा १२ मिलिमीटर लांब. या वेळी पेल्विसची उजवी बाजू खाली होती. खुब्याच्या बाहेरचे स्नायू वर्षानुवर्षं आखूड अंतरावर काम करत होते. सांधा खाली आल्यावर ते ताणले गेले आणि त्यांनी पेल्विस खाली ओढला. मणका अजून जुन्याच बाकाची सवय धरून होता. हे बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, तीन ते सहा महिन्यांत ओसरतं. या काळात दुसऱ्या पायाखाली तळ द्यायचा मोह टाळावा लागतो, कारण तळ दिला की पेल्विसला सरळ यायची गरजच उरत नाही आणि तात्पुरता कल कायमचा होतो.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एक गोष्ट शोधून काढली. दवाखान्यात येताना बाई नवी सपाट चप्पल घालून येत. घरात, अंगणात मात्र जुनीच, रबराचे थर लावलेली. डिस्चार्जच्या वेळी ते थर काढायला सांगितलं होतं, आणि एका जोडीचे काढलेही होते. दुसरी जोडी परसात वापरायची म्हणून तशीच राहिली. "फेकायला जीव होईना, चांगली हाय अजून." म्हणजे दिवसातला बराच वेळ उजवा पाय ३० मिलिमीटर उंच. ती जोडी त्याच मोच्याकडे नेऊन थर काढून घेतले.

व्यायाम साधे होते. बाहेरच्या स्नायूंचा ताण कमी करायला पाय आत नेण्याचा ताण, पण मागून सांधा उघडलेला असल्याने सुरुवातीला फक्त मध्यरेषेपर्यंतच. आरशासमोर उभं राहून दोन्ही पायांवर सारखं वजन. डावा गुडघा वाकवून उभं राहायची सवय मोडणं, आणि हेच सगळ्यांत अवघड गेलं. घरच्यांना सांगून ठेवलं होतं की गुडघा वाकलेला दिसला की टोकायचं. नातवंडांनी ते काम फार मनावर घेतलं.

सहा महिन्यांनी छातीच्या हाडापासूनचा फरक ४ मिलिमीटरवर आला होता. मणक्यात थोडा बाक राहिला आहे, तो राहणारच. पाय लांब असल्याची भावना गेली, त्या स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या की आता आठवण करून दिली तरच जाणवतं. पायात दुकानातून घेतलेली, दोन्ही सारखी चप्पल होती. खाली मांडी घालून बसायला मी अजून मनाई केली आहे, वाढायला मात्र त्या स्टूल घेऊन बसतात.

डाव्या खुब्याची वाटीही थोडी उथळ आहे, आणि तिथे कूर्चा पातळ व्हायला लागल्याचं ताज्या एक्स-रेवर दिसतं. तो सांधा पुढे कधी बदलावा लागला तर मापाचा संदर्भ हा उजवा पाय असेल. म्हणून कप, स्टेम आणि हेडचे स्टिकर, डोक्याच्या केंद्राचे ५४ मिलिमीटर आणि वाढवलेले १४ हे सगळं त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे, आणि मुलाला त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगितलं आहे.